घरी सुरी बनवायचं किट : पातं घ्या, बाकीचं गोव्यात जमवा

डी-२ पोलादाचं चार इंची पातं, शिशमच्या दोन फळ्या, तीन पितळी पिना, इपॉक्सी गोंदाच्या दोन इवल्या ट्यूबा, पॉलिश पेपरचे तुकडे आणि चामड्याचं म्यान. 'आउटडोअर सुरी घरी बनवा' म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये साधारण एवढंच सामान असतं. किंमत दीड ते अडीच हजारांच्या दरम्यान. विक्रेत्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच सामान अनेकजण विकतात आणि खोटही सगळ्यांत त्याच जागांवर आहे. निकाल आधीच सांगून टाकू: पातं पैसे वसूल करतं, लाकूड सांभाळून घ्यावं लागतं, गोंद वापरूच नये आणि म्यान पावसाळ्यात सुरीचा शत्रू आहे. हे किट दिल्ली-जयपूरच्या कोरड्या हवेत बनवलं तर कदाचित एकही तक्रार येणार नाही. गोव्यात जूनमध्ये बनवलं, तर चवथीपर्यंत मूठ सुटायला लागते.

पातं

हे पातं फुल टँग आहे, म्हणजे पोलादाचा मुठीतला भाग, टँग, मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत सलग जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या बसतात. पाठीकडची जाडी ३ मिमी, मुठीकडची रुंदी २८ ते ३० मिमी. उष्णोपचार झालेला असतो, म्हणजे भट्टी, तेल, पाणी पाजणं यातलं काही घरी करावं लागत नाही. डी-२मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १२ टक्के. आकडा बघून लोक त्याला स्टेनलेस समजतात, पण यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडच्या कणांत अडकतं आणि गंज अडवायला मोकळं फार थोडं उरतं. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. साधं १०९५ कार्बन पोलाद एका रात्रीत सगळीकडून तांबूस होतं आणि पुसलं की बऱ्यापैकी निघतं. डी-२ वरून स्वच्छ दिसतं, पण मिठाचा थेंब राहिला तिथे टाचणीच्या टोकाएवढा काळा खड्डा पडतो, आणि तो घासून जात नाही.

पार्सल उघडल्यावर लगेच, परत पाठवायची मुदत असतानाच, पातं तपासावं. पोलादी पट्टी पाठीवर आडवी धरून उजेडाकडे बघा. टँगमध्ये अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा बाक फळी घासून झाकता येतो. धारेतला बाक मात्र परत करण्याचं कारण आहे. हातोडीने सरळ करायला जाऊ नये; कडक केलेलं पोलाद थंड असताना वाकत नाही, तुटतं. मग बारीक कानस टँगच्या एका अंगावर, म्हणजे पुढे फळीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, हलकेच ओढावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर उष्णोपचार ठीक आहे. चावली आणि भुकटी पडली तर पातं मऊ राहिलंय. तिसरी गोष्ट पिनांची भोकं. पिन ६ मिमीची आणि भोकही बरोबर ६ मिमीचं असेल तर पिन अडते, आणि मग लोक ती ठोकून बसवतात. ठोकलेली पिन फळीला आतून चीर पाडते. पिन ड्रिलमध्ये फिरवून ४०० नंबरच्या पेपरने किंचित बारीक करावी. ती बोटाने ढकलून आत जायला हवी.

टँगला आणखी भोकं पाडून वजन कमी करायचा विचार असेल तर सोडून द्या. कडक पोलादावर साधा एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचा, बिट नुसता फिरतो आणि टोक जाळून घेतो. सॉलिड कार्बाइड बिट लागतो, तोही मंद गतीवर आणि पक्क्या व्हाइसमध्ये. हातातल्या ड्रिलखाली तो टिचतो. त्यापेक्षा टँगच्या दोन्ही अंगांवर ग्राइंडरच्या पातळ चकतीने अर्धा मिमी खोल तिरप्या रेघा माराव्यात. गोंदाला पकड मिळते आणि काम दहा मिनिटांत होतं.

धार मात्र कारखान्यातून बोथट कोनात येते, एका बाजूला २५ अंशांच्या आसपास. सुंभ, जाळ्याचा दोर किंवा ओली फांदी कापायला २० अंश बरे. डी-२ साध्या तेलाच्या दगडावर किंवा घरच्या निसण्यावर घासत बसलात तर संध्याकाळ जाते, कारण तीच कार्बाइडं दगडाला जुमानत नाहीत. ४०० आणि १००० नंबरची डायमंड प्लेट घ्यावी. हे काम सगळ्यात शेवटी. धार आधी लावली की मूठ घासताना बोटं कापतात.

लाकूड कोरडं आहे, हीच अडचण

किटच्या फळ्या १३० × ४० × १० मिमीच्या आणि दिसायला देखण्या. हा उत्तरेकडचा शिशम, आपली शिसवी नव्हे. पण मुठीला तोही चांगलाच. 'पूर्ण सुकवलेलं लाकूड' असं पाकिटावर अभिमानाने लिहिलेलं असतं, आणि गोव्याच्या दृष्टीने तीच मेख आहे.

लाकूड हवेतली आर्द्रता घेतं आणि सोडतं. ३०-४० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते ६-७ टक्के ओलाव्यावर स्थिर होतं. ८५ टक्क्यांच्या हवेत १७ टक्क्यांच्या पुढे जातं. जुलैतल्या गोव्याची हवा बहुतेक दिवस याच दुसऱ्या गटातली असते. म्हणजे फळीचा ओलावा दहा टक्क्यांनी वाढतो. ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे अशा लाकडाची रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते. ३० मिमी रुंद मुठीला हिशेब लावला तर दोन्ही कडा मिळून अर्धा मिलिमीटर किंवा थोडा जास्तच. पोलाद मात्र जागचं हलत नाही.

हा अर्धा मिलिमीटर नखाला कळतो. ऑगस्टमध्ये मुठीच्या कडेवरून नख आडवं फिरवलं की लाकूड पोलादाच्या वर आलेलं लागतं. पावसाळ्यात घासून सपाट केलेली मूठ फेब्रुवारीत उलट बोलते: पोलादाची धारदार कड वर, लाकूड आत. दिसण्याचा प्रश्न सोडा. खरी अडचण खाली, गोंदाच्या थरात आहे. पिना फळीला मध्यभागी धरून ठेवतात आणि कडा सरकू बघतात. कडेचा गोंद सुटला की केसाएवढी फट पडते, त्यात घाम, खारं पाणी, मासळीचं पाणी शिरतं, टँग आतून गंजतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे फळी आणखी उचलली जाते. बाहेरून एवढंच दिसतं की मुठीच्या कडेला तपकिरी रेघ उमटली आहे. ती दिसली की मूठ काढायची वेळ झाली असं समजावं. वरून तेल चोळून काही होत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. फळ्या पाकिटातून काढून घरात उघड्या, हवा लागेल अशा उभ्या ठेवाव्यात, उन्हात नाही. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करावं. ४० ग्रॅमची फळी दोन ते चार ग्रॅम वजन घेते. लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही की फळी इथल्या हवेची झाली. गोंद लावायला सगळ्यात चांगले महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर: लाकूड तेव्हा वर्षभराच्या दोन टोकांच्या मधोमध असतं, त्यामुळे पुढे जी काही हालचाल होईल ती दोन्हीकडे थोडी थोडी वाटली जाते. फळीच्या टोकाकडून बघितलं तर वर्षवलयांच्या रेघा दिसतात. त्या फळीच्या रुंद तोंडाला काटकोनात असतील तर रुंदीतली हालचाल जवळपास निम्मी होते. किटमध्ये दोन फळ्यांच्या रेघा बऱ्याचदा दोन वेगळ्या दिशांच्या निघतात. तशा असतील तर विक्रेत्याकडे बदलून मागाव्यात.

किटचं लाकूड बाजूला ठेवून इथलंच वापरायचं ठरवलं तर निवड भरपूर आहे. जुन्या घराची तुळई किंवा दार मोडताना निघालेलं सागवान पहिल्या नंबरवर, कारण त्याने कित्येक पावसाळे आधीच काढलेले असतात. फक्त आत मोडलेला खिळा नाही ना, ते लोहचुंबक फिरवून बघावं. सागात तेल असतं, म्हणून गोंद लावायच्या अगदी आधी, दहा मिनिटं आधी म्हणा, अॅसिटोनने पुसावं. फणसाचं आतलं पिवळं लाकूड हलकं, टिकाऊ, कीड न लागणारं आणि घासायला लोण्यासारखं. माट्टी, म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष, जड आणि मजबूत, पण सुकताना वरवर चिरा पडतात. तुकडा निवडून घ्यावा लागतो. आंबा नको. तो फुगतो, बुरशीने निळा पडतो, पोखरला जातो. जुन्या माडाच्या बुंध्याच्या बाहेरच्या अंगाचा काळपट पट्टा आणि भेरली माडाचं काळं लाकूड दिसायला अप्रतिम, काळ्यावर तपकिरी ठिपके. मात्र त्यांचे तंतू सुईसारखे उभे राहतात आणि घासताना तळहातात घुसतात. पातळ सुपरग्लू आधी पाजून, तो सुकला की घासावं, म्हणजे तंतू बसतात.

यासाठी झाड तोडायची गरज नाही आणि परवान्याशिवाय तोडताही येत नाही. १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा गोव्यात लागू आहे. सुताराकडच्या तुकड्यांच्या ढिगात अशा पन्नास मुठींचं लाकूड पडलेलं असतं. म्हशीचं शिंग चालतं. सांबरशिंग, कुणाच्या माळ्यावर जुनं पडलेलं असलं तरी, हात लावू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

लाकडापेक्षा बरं: जुन्या जीन्सची मूठ

मासेमारी, होडी, पावसातले ट्रेक असा वापर असेल तर लाकूड विसरा. कापड आणि इपॉक्सीचे थर दाबून केलेली फळी, जिला मायकार्टा म्हणतात, इथल्या हवेत जवळजवळ हलत नाही आणि ओल्या हातात घसरत नाही. बाजारात तयार मिळते, पण घरी करणं सोपं आहे आणि खर्चही कमी.

जुन्या जीन्सचे २५ × १० सेंमीचे १६ तुकडे कापावेत. शिवण, खिसा, ताणणारं कापड वगळावं. शंभर टक्के सुती हवं. धुऊन, इस्त्री करून पूर्ण कोरडे. एवढ्या कापडाचं वजन १६० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्याला १८० ग्रॅम लॅमिनेटिंग इपॉक्सी, म्हणजे कापडात मुरणारं पातळ इपॉक्सी, लागतं, म्हणजे कापडाच्या वजनापेक्षा किंचित जास्त. सगळं एकदम कालवू नये. मोठ्या भांड्यात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरकटतं आणि हातात असतानाच घट्ट होतं. ९०-९० ग्रॅमचे दोन घाणे करावेत, पसरट डब्यात.

दोन सपाट फळ्यांना खाकी चिकटपट्टी लावून त्यावर मेण चोळावं, नाहीतर सगळं एकजीव होतं. एकेक तुकडा दोन्ही बाजूंनी भिजवून, विणीची दिशा एकाआड एक बदलत रचावा. वर दुसरी फळी, आणि चार सी-क्लॅम्प. क्लॅम्प एकदम आवळले की वरचे थर बाजूला सरकतात, म्हणून आधी हलकेच, पाच मिनिटांनी पुन्हा. इपॉक्सी कडेने बाहेर यायला हवं, पण पिळून काढायचं नाही. कोरडा राहिलेला थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. २४ तास तसंच राहू द्यावं. दहा मिमीच्या आसपास जाडीची फळी मिळते आणि तिच्यातून चार तुकडे, म्हणजे दोन सुऱ्यांच्या मुठी निघतात.

फायबरच्या होड्या बनवणाऱ्यांकडचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं म्हणून ते वापरायचा मोह होतो. ते आकसतं, स्टायरिनचा वास घरभर राहतो आणि पोलादाला इपॉक्सीइतकं धरत नाही. शिवाय तिथली काचतंतूची चटई मुठीत घालू नये. घासताना ती कातडीत जाते आणि खाज दोन दिवस राहते. कापडी फळी घासतानाही एन-९५ मास्क हवाच, आणि शक्यतो पाणी मारत घासावं.

जोडणी, आणि गोंदाच्या त्या ट्यूबा

किटमध्ये येणारं इपॉक्सी पाच मिनिटांत सेट होणारं आहे. ते घरातला फुटलेला कप जोडायला ठीक. दमट उष्णतेत ते मऊ पडतं, आणि पाच मिनिटांत दोन फळ्या, तीन पिना, सहा भोकं आणि क्लॅम्प एवढं सगळं नीट बसवणंही जमत नाही. त्याऐवजी हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळणारं स्टँडर्ड अॅराल्डाइट घ्यावं, जे सुकायला रात्र घेतं. १८० ग्रॅमच्या जोडीत रेझिन १०० ग्रॅम आणि हार्डनर ८० ग्रॅम असतं, आणि प्रमाणही तेच: वजनाने १०० ला ८०, आकारमानाने सारखं. काट्यावर समसमान वजन घेतलं की हार्डनर जास्त होतं आणि गोंद रबरासारखा राहतो. एका मुठीला १० ग्रॅम पुरतात, १५ कालवावेत. तीन मिनिटं, डब्याच्या कडा खरवडत.

त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. क्रम असा. पात्याला धारेकडून मास्किंग टेपचे तीन वेढे. एक फळी टँगवर क्लॅम्प करून, टँगच्याच भोकांतून ड्रिल करावी. पहिलं भोक झालं की त्यात पिन घालून मगच दुसरं, नाहीतर फळी सरकते. खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवला की भोकाच्या पलीकडून लाकूड फुटत नाही. दुसरी फळी उलट बाजूने तशीच. मग दोन्ही फळ्या पिनांवर एकत्र धरून त्यांची पुढची कड, म्हणजे पात्याकडचं तोंड, पूर्ण घासून, ६०० नंबरपर्यंत गुळगुळीत आणि पॉलिश करून टाकावी. ही कड एकदा चिकटली की तिला पुन्हा हात लावता येत नाही. लावलात तर पात्यावर ओरखडे. किटच्या सूचनापत्रात ही पायरीच नाही. त्या पत्रकातला हा सगळ्यात मोठा दोष.

टँग ८० नंबरने घासून अॅसिटोनने पुसावा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब पसरला तर पोलाद स्वच्छ. मण्यासारखा गोळा झाला तर तेल अजून आहे. पाणी पुसून, पुन्हा अॅसिटोन, आणि मग बोट लावायचं नाही. फळ्यांची आतली बाजूही ८० नंबरने खरखरीत करावी, गुळगुळीत नको.

गोंद दोन्ही पृष्ठभागांना, शिवाय टँगच्या कडांना, भोकांत आणि पिनांवर. पितळ आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांशेजारी आले की गंजतं ते पोलाद, म्हणून पिनेभोवती कोरडी जागा राहता कामा नये. क्लॅम्प तीन, आणि जोर बेताचा: कडेला गोंदाचे बारीक मणी दिसले की थांबावं. शक्ती लावून आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत धरायला काही उरत नाही. पुढच्या तोंडाशी आलेला गोंद अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या इअरबडने त्याच वेळी काढावा. दुसऱ्या दिवशी तो छिन्नीनेही निघत नाही. भर पावसात गोंद लावायचाच असेल तर खोली बंद करून विजेचा बल्ब लावून ठेवा. दमट हवेत कालवलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि तिथे जोड कच्चा राहतो.

२४ तासांनी आकार द्यायला घ्यावं. आधी लाकडाची खरखरीत कानस, मग ८०, १२०, २२०, ४०० नंबर. मुठीची लांबी तळव्याच्या रुंदीपेक्षा एक-दीड सेंमी जास्त, जाडी पोटाकडे २० ते २४ मिमी. किटच्या दोन १० मिमी फळ्या आणि ३ मिमी टँग मिळून २३ होतात. बरेचजण ते तसंच ठेवतात आणि मूठ चौकोनी राहते. कोपरे मोडून अंडाकृती करावी, अंगठ्याजवळ थोडी कमरेसारखी आत. बेल्ट सँडर वापरत असाल तर पिनांकडे लक्ष ठेवा: पितळ तापतं, उष्णता आत नेतं आणि साधं इपॉक्सी ६०-७० अंशांवरच मऊ व्हायला लागतं. पिनेला बोट टेकवत नसेल तर थांबा, पाण्यात बुडवा.

लाकडाला शेवटी तेल. नारळाचं नको, ते कधीच सुकत नाही आणि काही महिन्यांत खवट वास धरतं. कच्चं अळशीचं तेल आठवडे घेतं आणि तोवर त्यावर बुरशी चढते. बॉइल्ड लिनसीड (लवकर सुकेल असं केलेलं अळशीचंच तेल) किंवा टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल), पातळ हात, दिवसाला एक, असे चार-पाच. प्रत्येक हातानंतर वीस मिनिटांनी उरलेलं पुसून. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती स्वतःहून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका. काजूच्या टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात म्हणून मुठीला लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातल्या द्रव्याने कातडी भाजते, फोड येतात. मायकार्टाला तेल लागतच नाही.

किट नकोच असेल तर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोयते, विळ्या, सुऱ्या मिळतात. ओळखीच्या लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याचं पातं करून घेणं हा किटला खरा पर्याय आहे. कमानपाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर आणि सिलिकॉन पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. धार डी-२इतकी टिकत नाही, पण निसण्यावर पाच मिनिटांत परत येते आणि पातं तुटत नाही. गंजतं मात्र सरसकट.

सांगताना नेमकं सांगावं: पातं १० सेंमी, जाडी ३ ते ४ मिमी, आणि टँग मुठीच्या आत लपणारा, निमुळता, मुठीच्या निदान दोन तृतीयांश लांबीचा. पातं आणि टँग जिथे मिळतात तो कोपरा गोल हवा, काटकोनी नको. पाणी पाजताना चीर तिथूनच जाते. टँग कडक करायचा नाही. फिनलंड-स्वीडनकडच्या सुऱ्या पिढ्यान् पिढ्या अशाच लपलेल्या टँगवर बनतात, बर्चच्या लाकडाच्या नाहीतर सालीच्या थरांच्या मुठीत. 'मोरा' या स्वीडिश ब्रँडची नुसती पातीही अशी सुटी मिळतात. बर्च इथे नाही, पण रचना आपल्या हवेला फुल टँगपेक्षा जास्त मानवते: पोलादाची कड हाताला आणि घामाला लागतच नाही, लाकूड चहूबाजूंनी सलग असतं, फुगलं तरी नखाला काही लागत नाही. ठोकळ्यात टँगच्या रुंदीएवढी शेजारी शेजारी तीन भोकं पाडायची, मधल्या भिंती पातळ कानशीने काढायच्या, पोकळी इपॉक्सीने काठोकाठ भरून टँग सावकाश आत सारायचा. घाई केली तर तळाशी हवेचा फुगा राहतो आणि पुढे तिथेच ओल साचते.

कायदा, थोडक्यात

शस्त्र नियमांतली रेषा ९ इंच लांब किंवा २ इंच रुंद पात्याची आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. चार इंची सुरी तिच्या बरीच आत. पण म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर अशा अभयारण्यांत जाताना ही सुरी पाठपिशवीत असेल तर प्रश्न येतो: वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत सुरी 'शस्त्र' या शब्दात येते आणि शस्त्रासह आत जायला लेखी परवानगी लागते. किटच्या जाहिरातीत सुरी जंगलातच दाखवलेली असते, आणि हे कुठेही लिहिलेलं नसतं.

म्यान

चामडं ओल धरतं. त्यात ते क्रोमने कमावलेलं असेल तर त्यातले क्षारही पात्याला लागतात. किटच्या म्यानात जुलैत ठेवलेली सुरी पंधरा दिवसांनी काढली तर म्यानावर पांढरी बुरशी आणि पात्यावर शिवणीच्या रेषेत गंज, हे ठरलेलं. पावसाळ्यात पातं पुसून, त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात देऊन, कागदात गुंडाळून वेगळं ठेवावं. म्यान वेगळं, हवेशीर.

बाहेर न्यायला कायडेक्सचं, म्हणजे तापवलं की वाकणाऱ्या प्लॅस्टिकचं, म्यान करावं: २ मिमी पत्रा, ओव्हनमध्ये १६० अंशांवर चार मिनिटं, मग टेपने गुंडाळलेल्या पात्याभोवती दुमडून फोमच्या दोन तुकड्यांत दहा मिनिटं दाबून ठेवायचा. कायडेक्स मिळत नसेल तर पीव्हीसी पाइप उभा चिरून, हीट गनने सपाट करून तेच करता येतं. पाइप फक्त लवचिक होईपर्यंत तापवावा, तपकिरी होऊ देऊ नये, कारण जळत्या पीव्हीसीचा धूर विषारी आहे. खिडकी उघडी हवी. असं म्यान उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर पुन्हा वाकडं होतं. दोन्हींत टोकाशी ६ मिमीचं भोक पाडावं, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळतं. आणि सुरी म्यानात घालून उलटी धरून जोरात हलवून बघावी. निसटली तर तोंडाकडची कड पुन्हा तापवून दाबायची.